मुरगाव द्वीपकल्प : सडा, खाडी आणि गावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दाबोळी विमानतळावर उतरलेला किंवा गोवा एक्सप्रेसने वास्कोला पोचलेला प्रत्येक प्रवासी मुरगाव द्वीपकल्पावर पाय ठेवतो. बहुतेक जण तासाभरात तिथून निघतातही; कोणी कळंगुटला, कोणी कोळव्याला. त्यामुळे गोव्याला पाचपन्नास वेळा जाऊन आलेल्या मराठी माणसालाही कुठ्ठाळी, सांकवाळ, केळोशी, कांसावली ही गावं कुठे आहेत ते सांगता येत नाही. ज्या देवळांच्या पायऱ्या तो दर वर्षी चढतो त्यांतली काही याच गावांतून गेलेली आहेत, हेही त्याला माहीत नसतं. या भागाबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मुरगाव म्हणजे नेमकं काय? गाव, बंदर की तालुका?

तिन्ही. द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाला मुरगाव नावाची जुनी वस्ती आणि किल्ला होता. त्याच्या कुशीत मुरगाव बंदर झालं आणि पुढे सगळ्या तालुक्याला तेच नाव मिळालं. तालुक्याचं मुख्य ठिकाण मात्र वास्को. तिथली नगरपालिका मुरगाव नगरपालिका म्हणून ओळखली जाते, रेल्वे स्टेशनवर पाटी ‘वास्को द गामा’ अशी आहे आणि लोक बोलताना नुसतं ‘वास्को’ म्हणतात. पत्ता शोधताना नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे.

२०११च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर होती. त्यातले साधारण ९४ हजार लोक नगरपालिकेच्या हद्दीत, म्हणजे अर्ध्याहून जास्त वस्ती टोकाच्या एका शहरात दाटलेली. बाकीची गावं पठाराच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहेत.

याला द्वीपकल्प का म्हणायचं? पाणी कुठल्या बाजूंनी आहे?

उत्तरेला झुआरी नदीचं रुंद मुख, पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला अरबी समुद्र. पूर्वेकडे कुठ्ठाळी-वेर्णेच्या पठाराने ही जमीन दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्याला जोडलेली आहे. झुआरीच्या पलीकडे तिसवाडी, म्हणजे पणजी, दोनापावला आणि राजभवनाचं टोक. ते टोक आणि मुरगावचं टोक समोरासमोर उभी आहेत आणि मधल्या पाण्यातून जहाजं आत येतात.

किनाऱ्याकिनाऱ्याने मनातल्या मनात एक फेरी मारली की नकाशा पक्का बसतो. टोकावर सडा नावाची वस्ती. तिथून दक्षिणेच्या अंगाला बायणा, मग बोगमाळो, हॉलांट, इसोर्शी, पाळे, वेळसांव, कांसावली, आरोशी. वेळसांवपासून पुढे वाळूची सलग पट्टी सुरू होते ती साष्टीतल्या मोबोरपर्यंत, सुमारे २५ किलोमीटर. उत्तरेच्या अंगाला बंदर, खारीवाडा, वाडे, चिखली, सांकवाळ आणि शेवटी कुठ्ठाळी. एका अंगाला खारा वारा आणि लाटा, दुसऱ्या अंगाला भरती-ओहोटीचं संथ पाणी, चिखल आणि खारफुटी. कुठ्ठाळीहून टोकापर्यंतचं अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण दोन्ही किनाऱ्यांवरचं जगणं पार वेगळं.

जमीन कशी आहे? वरून तर सगळं उजाड दिसतं.

विमानातून उतरताना दिसतो तो सडा, जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात तो खरंच करडा-तांबडा आणि कोरडा दिसतो. वर मातीचा थर पातळ, झाडं खुरटी. पावसाळ्यात मात्र त्याच कातळावर गवत आणि बारीक रानफुलं येतात, खळग्यांत पाणी साचतं, बेडूक ओरडू लागतात.

या पठाराचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही. जांभा सच्छिद्र असतो. वर्षाला पडणारा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस त्यातून खाली झिरपतो आणि पठाराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या, विहिरींच्या रूपाने बाहेर येतो. म्हणून इथली सगळी जुनी गावं पायथ्याशी आहेत. वर गुरं चरायची, खाली माणसं राहायची. माडांची रांग, तिच्या सावलीत घरं, घरांपुढे भातशेती आणि तिच्यापुढे समुद्र किंवा खाडी, ही मांडणी चिखलीपासून कांसावलीपर्यंत कुठेही बघा, सारखीच सापडते.

खाडीच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे, तिचं नाव खाजन. झुआरीच्या काठची दलदलीची जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून वेगळी काढायची आणि बांधात लाकडी दारांची मानस बसवायची. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला दार मिटायचं. पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की खारं सोसणारं भात लावायचं आणि मानशीच्या तोंडाशी मासळी धरायची. शेकडो वर्षं गावकऱ्यांनी एकत्र येऊन हे बांध राखले. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून चालत आलेली गावकरी पद्धत, म्हणजे गावाच्या जमिनीची सामाईक मालकी आणि व्यवस्था, या बांधांवरच उभी होती. आज बरेच बांध फुटलेले दिसतात, शेतात खारफुटी शिरलेली दिसते. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकदा आत शिरलेलं खारं पाणी सहजासहजी बाहेर जात नाही.

पठारावर पुढे विमानतळ, खतकारखाना, वसाहती आणि महाविद्यालयं आली. सपाट आणि मोकळी जागा तीच होती, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण सड्यावर सिमेंट पडलं की पायथ्याच्या विहिरीचं पाणी आटतं. मुरगाव समजून घ्यायचं तर वरचा सडा आणि खालचं गाव यांच्यातलं हे नातं आधी समजलं पाहिजे. शहराला नळाचं पाणी आता साळावली धरणातून येतं, पण विहिरीची गरज त्यामुळे संपलेली नाही.

बंदर नेमकं इथेच का झालं? पणजीला का नाही?

मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो. पावसाळ्यात त्यावर लाटा फुटू लागल्या की मोठ्या जहाजांना ते मुख बंद होतं. झुआरीचं मुख खोल आणि मोकळं आहे. शिवाय नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा मुरगावचं टोक स्वतःच्या अंगावर घेतं, त्यामुळे त्याच्या उत्तरेच्या बाजूला पाणी शांत राहतं. पोर्तुगीजांच्या काळातही पावसाळ्यात जहाजं इथे आसऱ्याला येत आणि कुंभारजुव्याच्या खाडीतून जुन्या गोव्याशी, म्हणजे तेव्हाच्या राजधानीशी, दळणवळण चाले. टोकाच्या रक्षणासाठी १६२४मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं.

आधुनिक बंदराला कारण झाली रेल्वे. १८७८मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि ब्रिटिश हद्दीतल्या दक्षिण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या मुलखाला मुरगावशी जोडणारा लोहमार्ग ठरला. कुळे, दूधसागर, कॅसलरॉक असा घाट चढून जाणारा तोच मार्ग आज वास्को ते लोंढा म्हणून ओळखला जातो. १८८०च्या दशकात लोहमार्ग आणि धक्का दोन्ही तयार झाले. गोवा मुक्त झाल्यावर १९६३मध्ये मुरगावला देशातल्या प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला.

इथे गोव्याची राजधानी होणार होती, हे खरं आहे का?

खरं आहे आणि त्यामागे मराठ्यांचा धाक होता. १६८३मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्वोर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा दिला. संभाजी महाराजांनी तो उधळून लावला आणि त्याच नोव्हेंबरात मराठ्यांनी जुन्या गोव्याशेजारचं जुवे बेट घेतलं. राजधानी शत्रूच्या किती टप्प्यात आहे हे पोर्तुगीजांना त्या एका रात्रीत कळून चुकलं. रोगराईने जुनं शहर आधीच पोखरलं होतं. तेव्हा समुद्राकडे तोंड असलेल्या आणि तटबंदीला सोप्या अशा मुरगावला राजधानी हलवायची असं ठरलं.

काम सुरू झालं, काही इमारती उभ्या राहिल्या. पण पैसा अपुरा, धर्मगुरू आणि मानकरी हलायला नाखूश आणि लिस्बनचे हुकूम उलटसुलट. अखेर १७१२मध्ये काम थांबवण्याचा आदेश आला. राजधानी पुढे हळूहळू मांडवीकाठी सरकत गेली आणि १८४३मध्ये पणजीला तो मान रीतसर मिळाला. मुरगावच्या किल्ल्याचे तुटके अवशेष आज बंदराच्या वरच्या अंगाला दिसतात, तेही शोधावे लागतात.

वास्को द गामा या शहरात आला होता का?

तो आला तेव्हा हे शहरच नव्हतं. १५२४मध्ये व्हाइसरॉय म्हणून तो गोव्यात येऊन गेला आणि त्याच वर्षी कोचीत वारला. वास्को शहर वाढलं ते लोहमार्ग आणि बंदर झाल्यावर. त्यामुळे पणजी-मडगावच्या मानाने ते नवं आहे. सरळ रस्ते, मधोमध स्टेशन, कामगारांच्या चाळी आणि बाजार असं त्याचं रूप आहे. जुनी गोवेकर घरं बघायला इथे येऊ नका. ती चिखली-सांकवाळच्या वाड्यांत आहेत.

मंगेशी आणि शांतादुर्गा मूळच्या याच भागातल्या का?

हो. मराठी वाचकांकडून सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

श्रीमंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळी, जुन्या ग्रंथांतली कुशस्थळी. झुआरीचं, म्हणजे पुराणांतल्या अघनाशिनीचं पाणी गावाला लागूनच. कवळ्याच्या शांतादुर्गेचं मूळ स्थान शेजारचं केळोशी. वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह आणि केरीची विजयादुर्गा सांकवाळहून गेलेली. शेजारच्या वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. एकमेकांना लागून असलेल्या या चार गावांतून इतकी कुलदैवतं बाहेर पडली, यावरून इथली वस्ती किती जुनी आणि किती भरलेली होती ते कळतं.

साष्टी आणि बारदेश १५४३मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. आजचा मुरगाव तालुका तेव्हा साष्टीतच मोडत होता. १५६०पासून जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनी कुठ्ठाळी-सांकवाळ भागात धर्मप्रसाराचं काम जोरात सुरू केलं आणि १५६७च्या सुमाराला साष्टीतली देवळं पाडली गेली. त्याआधी आणि त्या धामधुमीत महाजनांनी, म्हणजे देवस्थानाच्या मानकरी घराण्यांनी, देव उचलून नदीपलीकडे नेले. पलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता. तिथे पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. प्रियोळ (जिथे मंगेशी आहे), कवळे, वेलिंग, केरी, म्हार्दोळ ही सगळी ठिकाणं झाडीने वेढलेल्या दऱ्यांत, समुद्रावरून न दिसणारी आहेत ती त्यामुळेच.

पुढे मराठ्यांच्या राज्यात या देवस्थानांना आधार मिळाला. शाहू महाराजांच्या दरबारातल्या नारोराम मंत्री यांनी कवळ्याचं आजचं देऊळ उभारलं, ते १७३८च्या सुमाराला पुरं झालं. १७३९मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिलं. मंगेशकर घराण्याचं आडनाव त्याच मंगेशीवरचं.

फोंड्याची देवळं बघून कुठ्ठाळीला येणारे भक्त फार थोडे. माझं सांगणं असं, की कुलदैवताला जाताना एकदा वाट वाकडी करून मूळ गावालाही जावं. तिथे भव्य काही नाही; गाव, माड, नदी आणि चर्च आहे. पण ज्या घाटावरून देव होडीत बसले असतील ते पाणी तरी बघायला मिळतं.

जे लोक मागे राहिले त्यांचं काय झालं?

बहुसंख्य ख्रिस्ती झाले आणि गाव, शेत, बांध सांभाळत राहिले. देवाबरोबर गेलेले आणि मागे राहिलेले एकाच गावचे, पुष्कळदा एकाच घराण्याचे. आजही फोंड्यातल्या काही देवळांच्या उत्सवात मूळ गावच्या ख्रिस्ती घराण्यांचा मान किंवा नवस असल्याचं गोव्यात ऐकायला मिळतं. हा धागा तुटलेला नाही आणि गोव्याबाहेरच्या लोकांनी त्याच्याकडे दोन धर्मांचं भांडण म्हणून बघू नये असं मला ठामपणे वाटतं.

सांकवाळचे संत जुझे वाज यांचं उदाहरण इथे आठवतं. त्यांचं वडिलांकडचं घर सांकवाळला. जन्म १६५१मध्ये बाणावलीचा. डच सत्तेखाली कॅथलिकांचा छळ होत असताना ते वेषांतर करून श्रीलंकेत गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राबले. २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून जाहीर केलं. सांकवाळला त्यांचं श्रद्धास्थान आहे आणि दर जानेवारीत तिथे भाविकांची मोठी गर्दी होते.

सांकवाळमध्ये रानात उभी असलेली एकटी भिंत कशाची आहे?

‘आरोग्यमाता’ चर्चची दर्शनी भिंत. चर्च १६०६ सालचं. १८३४मध्ये ते आगीत जळालं आणि तेवढी भिंत उरली. पांढऱ्या गिलाव्यावर कोरीवकाम अजून स्पष्ट दिसतं.

कांसावलीचे ‘तीन राजे’ म्हणजे काय?

६ जानेवारीला कांसावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांचा एकत्र उत्सव असतो. प्रत्येक गावातला एक लहान मुलगा राजा होतो. मुकुट आणि झगा घालून, घोड्यावर बसून तिघे आपापल्या वाटेने निघतात आणि कुएलीच्या डोंगरावरच्या रेमेदियस मातेच्या कपेलाशी, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराशी, भेटतात. बेथलेहेमला बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्या तीन राजांची ही आठवण. मिरवणूक डोंगर चढते तेव्हा खाली वेळसांवचा किनारा नजरेत येतो. समुद्राच्या बाजूचा किनारा वरून बघायचा असेल तर ही जागा चांगली.

वास्कोचा सप्ताह केव्हा असतो?

श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून. दामोदराच्या देवळात अखंड भजन होतं आणि समाप्तीला श्रीफळ समुद्रात विसर्जित करतात. शतकाहून जास्त काळ हे चालू आहे. फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, मात्र आठवडाभर भरते. सगळा रस्ता दुकानांनी गजबजतो. भजनाला बसलेल्या पथकांमध्ये अभंग, नाट्यगीतं, कोकणी रचना सगळं चालतं. तुकोबांचे अभंग इथले लोक पाठ म्हणतात, तेव्हा घाटावरून आलेल्या माणसाला आपण परगावी आहोत असं वाटतच नाही.

विमानतळ एवढा मध्येच कसा? आणि मोपा झाल्यावर तो बंद होणार का?

१९५४-५५मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि कॅसलरॉकहून येणारी रेल्वे बंद पडली. तेव्हा पोर्तुगीजांनी दाबोळीच्या सड्यावर विमानतळ बांधला, तो १९५५मध्ये सुरू झाला. तिथून दमण, दीव आणि कराचीला विमानं जात. १८ डिसेंबर १९६१ला भारतीय हवाई दलाने धावपट्टीवर बाँब टाकले. त्यानंतर जागा नौदलाकडे आली आणि आजही तो नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ आहे. नागरी विमानांना नौदलाच्या सरावाच्या वेळा सोडून उतरावं लागतं.

पेडण्यातल्या मोपा इथला मनोहर विमानतळ जानेवारी २०२३पासून चालू आहे. दाबोळीही चालूच आहे. तिकीट काढताना कुठला विमानतळ आहे ते नीट बघा. दक्षिण गोव्यात उतरायचं असेल तर दाबोळीच सोयीचा, मोपाहून मडगाव फार लांब पडतं. दाबोळी राहावी म्हणून इथले टॅक्सीवाले आणि छोटे हॉटेलवाले जिवाच्या आकांताने मागणी करतात, कारण त्यांची घरं त्यावर चालतात.

१९६१ची लढाई इथे झाली होती का?

झाली. पोर्तुगीज युद्धनौका ‘आफोन्सो दे आल्बुकर्क’ मुरगावच्या पाण्यात उभी होती. १८ डिसेंबरला भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या नौकांशी तिची चकमक झाली. जबर मार बसल्यावर ती पलीकडच्या किनाऱ्याला नेऊन चिखलात रुतवली गेली. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरच्या संध्याकाळी, गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने वास्कोत शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांच्या सत्तेचा शेवट या टोकावर झाला.

त्याआधी मार्च १९४३मध्ये याच बंदरात आणखी एक प्रसंग घडला. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे जर्मन आणि इटालियन जहाजं इथे अडकून पडली होती. ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या हालचाली कळवल्या जात असल्याचा ब्रिटिशांना संशय होता. कोलकात्याहून आलेल्या एका छोट्या तुकडीने रात्री हल्ला केला आणि खलाशांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली.

खनिज आणि कोळशाबद्दल बरंच ऐकतो. नेमका प्रश्न काय आहे?

नाकेबंदीच्या काळात पोर्तुगीजांनी लोहखनिजाची निर्यात वाढवली आणि मुक्तीनंतर ती आणखी फोफावली. डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणींतलं खनिज बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू बोटींत, भरून मांडवी आणि झुआरीतून मुरगावला यायचं. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ चालू झाल्या आणि २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. बार्जवर, दुरुस्तीच्या गोद्यांत आणि धक्क्यावर काम करणाऱ्यांना त्याची झळ बसली.

दरम्यान बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी आयात होणारा कोळसा मोठा विषय झाला. कोळशाची काळी धूळ घरात येते ही वास्कोकरांची जुनी तक्रार आहे. वेळसांव, पाळे, कांसावली आणि आरोशीच्या लोकांनी रेल्वेच्या दुपदरीकरणाला विरोध केला, कारण लोहमार्ग त्यांच्या घरांच्या अगदी कडेने जातो आणि वाढीव रूळ मुख्यतः कोळशासाठी आहेत असं त्यांचं म्हणणं. बंदर जगावं हे त्यांनाही हवंय, यात शंका नाही. कित्येकांच्या आजोबा-वडिलांनी तिथेच नोकरी केली. पण बंदराचा नफा दूर जातो आणि धूळ मात्र इथल्या ओसरीवर बसते, हे त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

इथे मासेमारी कशी चालते?

समुद्राच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं. आता ते फार कमी ठिकाणी उरलंय. खारीवाड्याच्या जेटीवर ट्रॉलर लागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा खाडीतली मासळी भाव खाते.

खाडीची खरी श्रीमंती चिखली आणि सांकवाळच्या चिखलात आहे. तिसरे, खुबे, कालवं, शिणाणे अशा नाना जातींचे शिंपले. ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उभं राहून बायका शिंपले गोळा करताना दिसतात आणि तेच दुपारी वास्कोच्या बाजारात येतात. चिखलीच्या खाडीत पातळ, चपटे, अर्धपारदर्शक शिंपलेही सापडतात. जुन्या गोवेकर घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हेच शिंपले लावलेले असत. उजेड आत येई आणि ऊन अडे. आता या शिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. खाडीत गाळ आणि सांडपाणी वाढलं तर कायदा कागदावर राहील, म्हणून चिखलीचे गावकरी खाडीतल्या मोठ्या बांधकामांबाबत इतके जागरूक असतात.

इथे कोण लोक राहतात? मराठी चालते का?

गावांत कोकणी, ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही. वास्कोत मात्र गोव्यातलं सर्वांत मिश्र शहर भेटतं. बंदर, रेल्वे, नौदल, १९५७पासूनची गोवा शिपयार्ड आणि झुआरीनगरचा खतकारखाना यांच्यामुळे कर्नाटक, आंध्र, केरळ, उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्रातून लोक आले. सड्यावर, मांगोरला, नवेवाड्यात, झुआरीनगरात त्यांच्या तीन-तीन पिढ्या झाल्या आहेत. बाजारात कानडी आणि हिंदी खूप ऐकू येते. मराठी सगळीकडे समजते. भजनात, नाटकात, वर्तमानपत्रात ती रोजची आहे. तुम्ही मराठीत विचारा, उत्तर कोकणीत येईल आणि दोघांचंही काही अडणार नाही.

अंटार्क्टिकाचा मुरगावशी काय संबंध?

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहूनच निघाली. ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र १९९८पासून टोकावरच्या सड्यावर आहे. बर्फाच्या खंडावर जाणाऱ्या शास्त्रज्ञांची तयारी इथे, जांभ्याच्या पठारावर होते. शाळेची सहल नेत असाल तर भेट देता येते का ते आधी विचारून ठेवा.

कसं यायचं आणि दोन दिवसांत काय बघावं?

पुणे, मिरज, बेळगावकडून गोवा एक्सप्रेस थेट वास्कोला येते, दूधसागरच्या घाटातून. मुंबई-रत्नागिरीकडून कोकण रेल्वेने मडगावला उतरून लोकल गाडी किंवा बस घ्यावी. पणजीहून कदंब या सरकारी बससेवेची शटल झुआरी पुलावरून येते. जुना पूल १९८३चा. त्याच्या शेजारी उभा राहिलेला, तारांनी तोललेला नवा पूल २०२२च्या आणि २०२३च्या डिसेंबरात दोन टप्प्यांत खुला झाला आणि कुठ्ठाळीची तासन्‌तासांची कोंडी संपली. गावांत फिरायला बस मिळते. जवळच्या अंतराला पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, स्वस्त पडते.

पहिल्या दिवशी कुठ्ठाळीपासून सुरुवात करून खाडीच्या बाजूने या. सांकवाळची भिंत, जुझे वाज यांचं श्रद्धास्थान, मग रस्त्यालगतचं सां जासिंतो बेट. छोट्या पुलाने ते किनाऱ्याला जोडलेलं आहे. तिथे लोक राहतात, तेव्हा आवाज आणि कॅमेरा दोन्ही बेताने. संध्याकाळी सड्यावरच्या जपानी बागेतून समुद्र आणि नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात. दुसऱ्या दिवशी बोगमाळो, मग वेळसांव-आरोशीचा किनारा आणि कुएलीचा डोंगर. पावसाळ्यात समुद्रात उतरू नका. बोगमाळोला पाणी शांत वाटलं तरी ओढ जोरात असते. सडा बघायचा तर ऑगस्टच्या शेवटी या, तेव्हा तो हिरवा असतो आणि पायथ्याचे झरे भरून वाहत असतात.